हाडांचे सिमेंट : चिकटवणारे नव्हे, धरून ठेवणारे

वाचकहो, या अंकाच्या विज्ञान-पानाचा विषय आम्ही निवडलेला नाही. तो आम्हाला नेमून देण्यात आला आहे, आणि नेमून देणाऱ्या व्यक्तीचे म्हणणे टाळण्याची आमची आजही हिंमत नाही.

आमच्या शाळेत कित्येक वर्षे विज्ञान शिकवलेल्या बाई गेल्या हिवाळ्यात घरी पाय घसरून पडल्या. वय अठ्ठ्याहत्तर. उजवा पाय उचलता येईना. दवाखान्यात फोटो काढला तेव्हा मांडीच्या हाडाची मान मोडलेली दिसली. डॉक्टरांनी घरच्यांना बाहेर बोलावून घाईघाईत सांगितले, "ऑपरेशन करना पड़ेगा, सीमेंट भरके नया जोड़ बिठाएँगे." एवढे बोलून ते पुढच्या रुग्णाकडे गेले.

इंदूरच्या मराठी घरांत हे नेहमीचेच आहे. घरात बोलायचे मराठी, डॉक्टर बोलणार हिंदी आणि सही करायच्या कागदावर इंग्रजी. तिन्हींच्या मध्ये "सिमेंट" हा एकच शब्द सगळ्यांना कळला आणि नेमका तोच चुकीचा कळला. गच्चीच्या गळतीला लावतात ते सिमेंट आईच्या शरीरात भरणार, या कल्पनेने मुलगा हादरला. कोणी म्हणाले, पाय दगडासारखा जड होईल. कोणी म्हणाले, रक्तात विरघळून ते किडनीत जाईल. शेजाऱ्यांनी एका हाडवैद्याचा पत्ता दिला. बाईंना घरी आणले आणि निर्णय होत नाही तोवर सहा दिवस गेले.

सहाव्या दिवशी आम्ही काही शिक्षक भेटायला गेलो. त्यांतले निम्मे बाईंचेच विद्यार्थी. बाई वेदनेने थकलेल्या होत्या, पण डोके ठिकाणावर होते. आम्हाला पाहताच म्हणाल्या, "तुम्ही विज्ञानाची माणसं ना? मग हे सिमेंट म्हणजे काय ते आधी सांगा. उत्तर पटलं तर सही करते." आम्ही कबूल केले की आम्हालाही नीट ठाऊक नाही. त्या रात्री पुस्तके चाळली, ओळखीच्या एका अस्थिरोगतज्ज्ञांना भेटलो आणि दुसऱ्या दिवशी उत्तरे घेऊन गेलो. बाईंनी सही केली. ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी त्यांना वॉकर धरून उभे केले. मात्र त्या सहा दिवसांत कंबरेखाली पडलेली शय्याव्रणाची जखम भरायला दोन महिने लागले. ती भरल्यावर बाईंचा निरोप आला : "जे मला सांगितलंत ते शाळेच्या पत्रिकेत लिहा. दुसऱ्या कोणाचे सहा दिवस जायला नकोत."

म्हणून हा लेख. बाईंनी जे प्रश्न विचारले, त्याच क्रमाने उत्तरे देत आहोत.

पहिला प्रश्न : हे घर बांधायचे सिमेंट आहे का?

नाही. नावापलीकडे दोघांचा काही संबंध नाही. बांधकामाचे सिमेंट चुनखडी आणि माती भाजून बनते, त्यात मुख्यतः कॅल्शियमची सिलिकेट संयुगे असतात आणि ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. हाडांचे सिमेंट हे एक प्लास्टिक आहे. त्याचे नाव पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, थोडक्यात पीएमएमए. व्यवहारात आपण त्याला ॲक्रिलिक म्हणतो.

हे आपल्या चांगल्या ओळखीचे आहे. स्नेहसंमेलनात बक्षीस म्हणून देतो ती पारदर्शक स्मृतिचिन्हे ॲक्रिलिकची असतात. दुकानांच्या चमकत्या पाट्या ॲक्रिलिकच्या असतात. आणि आजोबा रात्री वाटीत काढून ठेवतात त्या कवळीचा गुलाबी भागही बहुधा ॲक्रिलिकचाच असतो. आम्ही बाईंना हे सांगितले तेव्हा त्यांनी उशाजवळची कवळीची डबी हातात घेतली आणि म्हणाल्या, "म्हणजे हे वीस वर्षं माझ्या तोंडात आहेच की!" अर्धी भीती तिथेच गेली.

शरीराचे आणि ॲक्रिलिकचे जमते, हे डोळ्यांच्या डॉक्टरांनीही ओळखले होते. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिकापुढची पारदर्शक झडप ॲक्रिलिकची असे. ती फुटून तिचे कण काही वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले. लंडनचे हॅरल्ड रिडली यांच्या लक्षात आले की काचेचे कण डोळ्याला सहन होत नाहीत, पण हे कण डोळा फारशी कुरकुर न करता सांभाळतो. त्यावरून त्यांनी १९४९ साली मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात ॲक्रिलिकचे भिंग बसवले. आज मोतीबिंदूनंतर जी भिंगे बसवतात, त्यांची सुरुवात इथून झाली.

दुसरा प्रश्न : मग हाड फेविकॉलसारखे चिकटवतात का?

इथे बहुतेकांची गल्लत होते, आमचीही झाली होती. मोडलेल्या हाडाचे दोन तुकडे सिमेंट लावून चिकटवत नाहीत. हाडाचे हाडाशी जोडणे हे काम शरीर स्वतः करते. मोडलेल्या जागी आधी रक्त गोठते, मग तिथे मऊ सांधणी तयार होते, काही आठवड्यांत ती कठीण होते आणि पुढे कित्येक महिने शरीर तिला घासूनपुसून मूळ आकार देत राहते. प्लास्टर, पट्ट्या, स्क्रू, सळया यांचे काम एवढेच, की ही सांधणी होईपर्यंत तुकडे हलू द्यायचे नाहीत. दोन तुकड्यांच्या मध्ये प्लास्टिकचा थर घातला तर उलट ही सांधणीच अडेल.

बाईंचे प्रकरण मात्र वेगळे होते. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे असते आणि ते कमरेच्या हाडाच्या खळग्यात फिरते. पाठ्यपुस्तकात याला आपण उखळीचा सांधा म्हणतो. या चेंडूला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या मानेच्या कडेने जातात. उतारवयात मान मोडून तुकडा सरकला की त्या वाहिन्या तुटतात आणि चेंडू निर्जीव होण्याची भीती असते. अशा वेळी मोडके जोडत बसण्यापेक्षा तो चेंडूच काढून धातूचा नवा बसवतात. या नव्या चेंडूला खाली लांब दांडा असतो. तो मांडीच्या हाडाच्या पोकळ नळीत उतरवायचा असतो. सिमेंट लागते ते इथे, दांडा आणि हाड यांच्या मधल्या फटीत.

म्हणजे हे चिकटवणे नाही, फट भरून जाम करणे आहे. भिंतीत खुंटी ठोकताना भोक मोठे पडले तर आपण त्यात लांबी किंवा प्लास्टर भरतो आणि खुंटी पक्की बसवतो, तसे. हाडाची आतली बाजू गुळगुळीत नसते, तिथे बारीक जाळी असते. मऊ असताना दाबून भरलेले सिमेंट त्या जाळीच्या छिद्रांत शिरते आणि तिथेच कडक होते. हजारो बारीक बोटांनी जाळी पकडून ठेवावी तशी ही पकड असते. रासायनिक चिकटपणाचा त्यात जवळजवळ काही वाटा नाही.

हे पटावे म्हणून आम्ही नववीच्या मुलांसह एक प्रयोग केला. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, जिने आपण अंग घासतो, ती आतून बरीचशी हाडाच्या जाळीसारखी दिसते. सारख्या आकाराचे दोन तुकडे घेतले. एक तसाच ठेवला. दुसऱ्याची छिद्रे शाडूच्या पातळ मातीने बुजवली. दोन्हींच्या मधल्या पोकळीत पातळ कालवलेले प्लास्टर ऑफ पॅरिस ओतले आणि पेन्सिल उभी केली. तासाभराने पेन्सिली ओढल्या. पहिल्या जाळीतली हलेना. दुसरी मातीसकट सरकून बाहेर आली. हाडाच्या छिद्रांत रक्त आणि चरबी भरलेली असते. ती पाण्याच्या झोताने स्वच्छ धुऊन, पुसून मगच सिमेंट का भरतात, ते मुलांना न सांगता कळले.

तिसरा प्रश्न : ते कडक कसे होते?

ऑपरेशनच्या खोलीत सिमेंट दोन भागांत येते. एका पाकिटात साधारण ४० ग्रॅम पूड आणि एका काचेच्या कुपीत साधारण २० मिलिलिटर द्रव. पूड म्हणजे आधीच तयार झालेल्या ॲक्रिलिकचे बारीक मणी. त्यात बेन्झॉइल पेरॉक्साइड नावाचे रसायन थोडे असते. द्रव म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेटचे सुटे रेणू. त्याला दातांच्या प्रयोगशाळेत येतो तसा उग्र वास असतो. द्रवात प्रक्रिया वेगाने सुरू करणारे एक रसायन असते आणि कुपीतच घट्ट होऊ नये म्हणून किंचित हायड्रोक्विनोनही.

दोन्ही एकत्र केले की काय होते? मुलांनो, साखळीचा खेळ आठवा. ज्याच्यावर राज्य, तो एकाला पकडतो. मग दोघे हात धरून तिसऱ्याला पकडतात आणि साखळी लांबत जाते. इथे पेरॉक्साइड फुटून "राज्य असलेला" रेणू तयार होतो. तो एका सुट्या रेणूला पकडतो, तो पुढच्याला, असे करत हजारो रेणूंच्या साखळ्या होतात. या साखळ्या मण्यांच्या भोवती गुंफल्या जातात आणि द्रवाचा घट्ट दगड होतो.

मग सगळे सुटे रेणूच का घेत नाहीत, आधी तयार केलेले मणी कशाला? याची दोन कारणे आहेत. रेणू हात धरून जवळ आले की जागा कमी लागते. नुसता द्रव घट्ट केला तर तो सुमारे एकपंचमांश आकसतो आणि खुंटी सैल बसेल. दुसरे म्हणजे या प्रक्रियेत उष्णता बाहेर पडते. बरेचसे काम आधीच झालेले मणी मिसळल्याने आकसणेही कमी होते आणि उष्णताही.

तरी उष्णता राहतेच. प्रयोगशाळेत सिमेंटचा गोळा घट्ट होताना ८० अंश सेल्सिअसच्या वरही जाऊ शकतो. शरीरात थर दोन-तीन मिलिमीटरचाच असतो, शिवाय रक्त आणि धातूचा दांडा उष्णता वाहून नेतात. त्यामुळे तिथले तापमान बरेच कमी राहते.

हे सगळे मिळून दहा-पंधरा मिनिटांचे काम असते. आधी पातळ, मग चिकट, मग कणकेसारखे मऊ आणि शेवटी कडक. कणकेसारखे असते त्या काही मिनिटांतच ते भरून दांडा नेमक्या कोनात बसवावा लागतो. खोली गरम असेल तर हा वेळ आणखी कमी होतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो, तेव्हा ऑपरेशनची खोली आणि सिमेंटचे पाकीट थंड ठेवणे ही चैन नसते.

पुडीत आणखी एक पदार्थ असतो : बेरियम सल्फेट किंवा झिर्कोनियम डायऑक्साइड. ॲक्रिलिक क्ष-किरणांच्या फोटोत दिसत नाही. या पदार्थामुळे ते पांढरे दिसते आणि डॉक्टरांना भरणी नीट झाली की नाही ते कळते. काही सिमेंटला हिरवा रंग दिलेला असतो. तो रंग वनस्पतींच्या हरितद्रव्यापासून केलेला असतो, म्हणजे हाड कुठे संपते आणि सिमेंट कुठे सुरू होते ते डोळ्यांना ओळखू येते.

चौथा प्रश्न : ही कल्पना कोणाची?

हाडात काही तरी पक्के बसवण्याची धडपड जुनी आहे. बर्लिनचे थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी १८९० च्या सुमारास हस्तिदंताचे सांधे बसवून पाहिले. ते पक्के करायला त्यांनी राळ आणि प्लास्टर यांसारख्या पदार्थांचे मिश्रण वापरले होते. त्यांचे बरेच रुग्ण सांध्याच्या क्षयाचे होते. जंतुसंसर्गापुढे ते सांधे टिकले नाहीत.

पुढचे मोठे पाऊल इंग्लंडमध्ये पडले. मँचेस्टरजवळ काम करणारे शल्यविशारद जॉन चार्नली कृत्रिम खुबा तयार करत होते, पण दांडा हाडात सैल होई. मँचेस्टरच्या दंत महाविद्यालयातले रसायनतज्ज्ञ डेनिस स्मिथ यांनी त्यांना कवळीसाठी वापरतात ते थंड स्थितीत घट्ट होणारे ॲक्रिलिक सुचवले. चार्नलींनी १९५८ साली ते वापरले आणि १९६० साली त्यावर लेख प्रसिद्ध केला. हाडाच्या डॉक्टरला उत्तर दातांच्या शाळेत मिळाले. "हा आपला विषय नाही" असे म्हणून वर्गाबाहेर बघणाऱ्या मुलांसाठी ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो.

गोष्ट एवढ्यावर संपत नाही. सिमेंट टिकले, पण खळग्यासाठी वापरलेले टेफ्लॉन दोन-तीन वर्षांत झिजू लागले आणि सुमारे ३०० रुग्णांचे सांधे बिघडले. टेफ्लॉनची झीज शरीराला किती बाधते हे पाहण्यासाठी चार्नलींनी त्याचे तुकडे स्वतःच्या मांडीत बसवून घेतले होते. १९६२ साली एका विक्रेत्याने पॉलिएथिलीनचा एक नवा प्रकार आणून दिला. चार्नलींनी तो निरुपयोगी ठरवला. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र त्याची झीज यंत्रावर मोजत राहायचे ठरवले. आकडे पाहून चार्नलींनी आपले मत बदलले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो वापरायला सुरुवात केली. आजचा कृत्रिम खुबा याच वाटेने आला आहे.

पाचवा प्रश्न : ते टिकते किती, आणि धोका काय?

विरघळून किडनीत जाण्याची भीती अनाठायी आहे. घट्ट झालेले ॲक्रिलिक शरीरातल्या पाण्यात विरघळत नाही. पाय जडही होत नाही.

टिकण्याबद्दल बोलायचे तर, दाब सोसण्यात सिमेंट बळकट आहे, ओढ किंवा वाक सोसण्यात कमजोर. पण त्याचा एक गुण मोलाचा आहे. ते धातूपेक्षा आणि हाडाच्या कठीण भागापेक्षाही लवचीक असते. त्यामुळे चालताना बसणारा हिसका थेट धातूकडून हाडावर न जाता मध्ये थोडा सोसला जातो. कालवताना हवेचे बुडबुडे राहिले तर तिथून ते तडकू शकते. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी हवा शोषून घेणाऱ्या भांड्यात कालवतात आणि पिचकारीसारख्या बंदुकीने तळापासून वर भरत येतात. सिमेंटचे असोत वा बिनसिमेंटचे, पूर्ण बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के २५ वर्षांनंतरही चालू असतात, असा अंदाज २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे.

सगळ्यांनाच सिमेंट लागते असेही नाही. तरुण, भक्कम हाडांच्या रुग्णात खडबडीत पृष्ठभागाचा दांडा घट्ट ठोकून बसवतात आणि हाड स्वतः वाढून त्याला पकडते. वृद्धांची हाडे मात्र ठिसूळ असतात, ठोकताना किंवा नंतर फुटू शकतात. खुब्याचे हाड मोडलेल्या साठ वर्षांवरील १२२५ रुग्णांचा एक अभ्यास इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी २०२२ साली प्रसिद्ध केला. त्यात सिमेंटने बसवलेल्यांचे चार महिन्यांनंतरचे आयुष्य थोडे अधिक सुकर होते. दांड्याभोवतीचे हाड पुन्हा मोडण्याचे प्रमाण त्यांच्यात ०.५ टक्के, तर बिनसिमेंटवाल्यांत २.१ टक्के निघाले. बाईंच्या डॉक्टरांनी सिमेंट सुचवले त्यामागे हे कारण होते. ते त्यांनी दोन मिनिटे थांबून सांगितले असते तर सहा दिवस वाचले असते.

धोका आहे, आणि तो आम्ही बाईंपासून लपवला नाही. सिमेंट दाबून भरताना हाडाच्या नळीतली चरबी आणि मज्जा रक्तवाहिन्यांत ढकलली जाऊ शकते. त्यामुळे काही रुग्णांचा रक्तदाब किंवा रक्तातला प्राणवायू एकाएकी उतरतो, क्वचित जिवावरही बेतते. म्हणून सिमेंट भरण्याआधी शल्यविशारद भूलतज्ज्ञांना मोठ्याने सूचना देतात, नळी धुऊन घेतात आणि हृदयाचा आजार असलेल्यांत विशेष जपतात. दुसरी अडचण म्हणजे सांधा पुढे बदलावा लागला तर जुने सिमेंट छिन्नीने फोडून काढणे हे चिकाटीचे काम असते.

बाई ऐकून म्हणाल्या, "आणि अंथरुणाला खिळून राहिले तर धोका नाही का?" आहे, आणि तो जास्त आहे. फुप्फुसात कफ साठून न्यूमोनिया, पायांत रक्ताच्या गुठळ्या, पाठीला जखमा. खुबा मोडलेल्या वृद्धाचे ऑपरेशन, प्रकृती साथ देत असेल तर, पहिल्या एक-दोन दिवसांत व्हावे असे डॉक्टर म्हणतात ते यासाठीच.

सिमेंटची आणखी काही कामे

सांध्यात जंतू शिरले तर ते काढणे महाकठीण. जर्मनीतल्या हांबुर्गच्या बुखहोल्त्स यांनी १९७० च्या सुमारास सिमेंटमध्येच जेंटामायसिन हे प्रतिजैविक मिसळले. ते हळूहळू पाझरून आजूबाजूचे जंतू मारते. उष्णतेने न बिघडणारी प्रतिजैविकेच यासाठी चालतात. हाडात पू झाला असेल तर अशा सिमेंटचे मणी तारेत ओवून काही काळ जखमेत ठेवतात. फ्रान्समध्ये १९८४ साली पाठीच्या मणक्यात सुईने सिमेंट भरण्याचा उपाय प्रथम झाला. ठिसूळपणाने दबलेल्या किंवा गाठीने पोखरलेल्या मणक्याला निवडक रुग्णांत आजही असा आधार देतात.

ॲक्रिलिक शरीरात कायमचे पाहुणे म्हणून राहते, त्याचे हाड कधीच होत नाही. ही उणीव भरून काढायला १९८० च्या दशकात अमेरिकेत ब्राउन आणि चाऊ यांनी कॅल्शियम फॉस्फेटचे सिमेंट तयार केले. ते पाण्याने घट्ट होते, फारसे तापत नाही आणि घट्ट झाल्यावर हाडातल्या खनिजाच्या जवळचे असते. पण ते खडूसारखे ठिसूळ. त्यामुळे मनगट किंवा गुडघ्याजवळच्या मोडीत पडलेला खड्डा भरायला ते चालते, वजन पेलायला नाही.

मग खरा हाडांचा गोंद, म्हणजे दोन तुकडे चिकटवणारा? ओल्या, रक्ताळलेल्या, चरबीयुक्त पृष्ठभागावर चिकटणे, विषारी नसणे आणि हाड सांधले की आपण होऊन नाहीसे होणे, या तिन्ही अटी पाळणारा गोंद साधणे फार अवघड आहे. समुद्रात पाण्याखाली वाळूचे कण चिकटवून घर बांधणाऱ्या किड्यांचा अभ्यास यासाठी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात झाला. २०२५ साली चीनमधून, शिंपल्यांच्या चिकटण्यावरून सुचलेल्या अशाच एका गोंदाची बातमी आली. बातमी आशेची आहे, पण बातमी आणि बरीच वर्षे पारखलेला उपचार यांत अंतर असते.

प्लास्टरविषयी दोन शब्द

हाडाला बाहेरून धरून ठेवणारे प्लास्टर आपल्या जास्त ओळखीचे. जिप्सम भाजून त्यातले पाणी उडवले की प्लास्टर ऑफ पॅरिस होते. पाणी मिळताच ते पुन्हा जिप्समचे दगड बनते. गणपतीच्या मूर्तींत वापरतात तेच हे. हॉलंडचे लष्करी डॉक्टर मॅथायसेन यांनी १८५० नंतर त्याची पूड भरलेली पट्टी रूढ केली.

प्लास्टरही घट्ट होताना तापते. घोसाळ्याचा प्रयोग करताना भांड्याला बाहेरून हात लावा, ऊब जाणवेल. पण कालवलेल्या प्लास्टरात हात कधीही बुडवून ठेवू नका. इंग्लंडमध्ये २००७ साली एका शाळेत मुलीने हाताचा साचा घेण्यासाठी तसे केले आणि भाजून तिची बहुतेक बोटे गेली.

प्लास्टर असो की हाडवैद्याने बांधलेली बांबूच्या कामट्यांची पट्टी, मोडलेला भाग सुजतो आणि घट्ट बांधले असेल तर रक्त अडते. बोटे निळी किंवा पांढरी पडणे, बधिर होणे, बोटे ताणली की असह्य कळ येणे, ही चिन्हे दिसली तर सकाळची वाट पाहू नका. त्याच वेळी दवाखाना गाठा. उशीर झाल्याने हात किंवा पाय कापावे लागल्याची उदाहरणे आहेत.

शेवटी

हा लेख वाचून कोणी उपचार ठरवू नयेत, ते काम डॉक्टरांचे. पण विचारणे हे काम आपले आहे. घरात असा प्रसंग आला तर चार प्रश्न कागदावर लिहून न्या. नेमके कोणते हाड, कुठे मोडले? सांधा बदलायचा की हाड जोडायचे? सिमेंट वापरणार असाल तर का? आणि थांबलो तर काय होईल? उत्तर समजले नाही तर "फिर से बताइए" म्हणायला लाजू नका. घरात डॉक्टरांची भाषा कळणारा नातू किंवा नात असेल तर तिला सोबत न्या. एवढी वर्षे शाळा शिकवली ती यासाठीच.

परवा शाळेच्या गॅदरिंगला बाई काठी टेकत आल्या. घोसाळ्याच्या जाळीतली ती पेन्सिल आम्ही विज्ञान-कपाटात ठेवली आहे. बाईंनी ती ओढून पाहिली, हलली नाही. मग आपल्या उजव्या मांडीवर हात ठेवून नववीच्या मुलांना म्हणाल्या, "आतमध्ये असंच आहे. आता तुम्ही कोणाला समजावून सांगणार, ते सांगा."